'शँटी' म्हणजे नेमकं काय? झोपडी, शॅक, हटमेंट आणि स्लम या शब्दांमध्ये फरक काय?

मुंबईत एखाद्या वस्तीला आग लागली किंवा पालिकेचा बुलडोझर फिरला, की इंग्रजी बातमीच्या मथळ्यात एक शब्द हमखास दिसतो: 'शँटीज'. इतक्या शँटीज जळाल्या, तितक्या शँटीज हटवल्या. मराठी बातमीत त्याच जागी 'झोपड्या' असं लिहिलेलं असतं.

मग शँटी म्हणजे झोपडी, एवढं सांगून विषय संपायला हवा. पण त्याच इंग्रजी बातमीत खाली कुठे 'स्लम' येतो, कुठे 'हटमेंट', तर कुठे 'शॅक'. हे सगळे शब्द एकाच अर्थाचे आहेत का? आणि ज्या घरात माणसं वीस-तीस वर्षं राहतायत, त्याला कोणता शब्द लावला यानं खरंच काही फरक पडतो का?

फरक पडतो. कसा, ते समजून घेऊया.

शब्दकोशात काय अर्थ आहे?

शँटी म्हणजे ओबडधोबड बांधलेलं, लहानसं, तात्पुरतं घर. लाकडाच्या फळ्या, पत्रे, बांबू, ताडपत्री, प्लास्टिक, जे हाताला लागेल त्यातून उभं केलेलं. या अर्थात तीन गोष्टी एकत्र येतात: घर लहान आहे, साहित्य कच्चं आहे आणि बांधणी कुशल कारागिराची नाही.

इंग्रजीत हे नाम आहे. अनेकवचन 'शँटीज', स्पेलिंगमध्ये शेवटचा 'वाय' जाऊन 'आय-ई-एस' येतो. अशी पुष्कळ घरं एकत्र असली, की त्या वस्तीला 'शँटीटाउन' म्हणतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. शब्दकोशातला हा अर्थ फक्त बांधकामाबद्दल बोलतो. घरात कोण राहतं, जमीन कोणाची, घर कायदेशीर आहे की नाही, यातलं काहीच तो सांगत नाही. ते सगळं आपण वाचताना मनातून त्याला जोडतो.

शब्द आला कुठून?

हा शब्द उत्तर अमेरिकेतला. साधारण १८२० च्या सुमारास तो लिखाणात दिसू लागतो. बहुतेक भाषातज्ज्ञ त्याचं मूळ कॅनडातल्या फ्रेंच भाषेतल्या 'शाँतिए' या शब्दात शोधतात. जंगलात लाकूडतोड करणाऱ्या कामगारांचा तळ किंवा त्यांची राहण्याची खोली असा त्याचा अर्थ होता. हिवाळाभर हे कामगार जंगलात राहायचे. ओंडके रचून एक मोठी खोली उभी करायची, मध्ये शेकोटी, भोवती झोपायच्या फळ्या. हंगाम संपला की तळ रिकामा. कॅनडात या लाकूडतोड्यांना 'शँटीमेन' असंच म्हटलं जायचं.

दुसरा एक तर्कही आहे. आयरिश भाषेत 'शान' म्हणजे जुनं आणि 'ती' म्हणजे घर, त्यावरून शँटी आला असावा असं काही जण मानतात. ऐकायला तो छान वाटतो, पण अभ्यासकांचा कल पहिल्या व्युत्पत्तीकडे जास्त आहे.

गंमत म्हणजे आजच्या फ्रेंचमध्ये 'शाँतिए' म्हणजे बांधकामाची साइट. आपल्याकडे पुण्या-मुंबईत कुठल्याही मोठ्या टॉवरच्या साइटवर जा, कडेला पत्र्याच्या खोल्यांची एक रांग दिसते. त्याला आपण 'लेबर कॅम्प' म्हणतो. शब्दाचा मूळ अर्थ तिथे अगदी जसाच्या तसा बसतो: काम सुरू असेपर्यंत कामगारांनी राहायची जागा. म्हणजे शँटी या शब्दाचा जन्म आळसातून किंवा अतिक्रमणातून झालेला नाही. तो कामाच्या जागी जन्मला आहे.

'सी शँटी' हे वेगळं प्रकरण

२०२१ च्या सुरुवातीला 'वेलरमन' हे गाणं सोशल मीडियावर तुफान चाललं होतं, आठवतंय? नेथन इव्हान्स या स्कॉटिश पोस्टमननं गायलेल्या त्या गाण्यामुळे 'सी शँटी' हा शब्द अनेकांनी पहिल्यांदा ऐकला.

तिथे शँटी म्हणजे खलाशांचं श्रमगीत. शीड ओढताना, नांगर उचलताना सगळ्यांचे हात एका लयीत चालावेत म्हणून म्हणायचं गाणं. आपल्याकडचं 'हैय्या हो' डोळ्यांसमोर आणा. या शँटीचं मूळ 'गाणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदात असावं, असं मानलं जातं. स्पेलिंग आणि उच्चार एकच असले, तरी घराच्या शँटीशी तिचा संबंध नाही.

हट, शॅक, हॉवेल, हटमेंट, स्लम: कोणता शब्द कुठे?

इंग्रजीत साध्या, कच्च्या घरासाठी शब्दांची कमतरता नाही. प्रत्येकाचा रंग मात्र वेगळा आहे.

हट: साधी झोपडी. या शब्दात हेटाळणी फारशी नाही. डोंगरातला गिर्यारोहकांचा निवारासुद्धा हटच असतो.

हॉवेल: मोडकळीस आलेलं, कोंदट, घाणेरडं घर. इथे तिरस्कार किंवा दया स्पष्ट जाणवते. बातमीत हा शब्द जपून वापरावा लागतो.

शॅक: लाकूड, पत्रा, झावळ्या यांची तात्पुरती खोली. अर्थानं शँटीच्या सगळ्यात जवळचा शब्द हाच.

हटमेंट: 'हट'ला 'मेंट' जोडून तयार झालेला शब्द. मुळात तो लष्करी, म्हणजे सैन्याच्या तळावरच्या झोपड्यांची रांग. भारतातल्या, विशेषतः मुंबईच्या इंग्रजीत मात्र तो झोपडपट्टीसाठी रुळला. 'हटमेंट ड्वेलर' म्हणजे झोपडीवासी.

स्लम: हा शब्द एका घराचा नाही, संपूर्ण वस्तीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या चोरट्या बोलीत 'स्लम' म्हणजे नुसती खोली. पुढे तो गरीब, गर्दीच्या गल्ल्यांसाठी वापरला जाऊ लागला.

शँटी आणि स्लम यांची सर्वाधिक गल्लत होते, म्हणून एक उदाहरण. केंद्राच्या १९५६ च्या स्लम कायद्याखाली जुन्या दिल्लीतला तटबंदीच्या आतला भाग 'स्लम' म्हणून अधिसूचित झाला. तिथे दगड-विटांच्या जुन्या हवेल्या आहेत, पत्र्याची खोपटी नव्हेत. म्हणजे शँटी नसतानाही एखादा भाग स्लम ठरू शकतो. उलट शेताच्या बांधावर एकट्यानं उभी असलेली पत्र्याची खोली शँटी असेल, पण स्लम नाही.

तोच शब्द, पण भाव वेगळा

आता गोव्यात चला. बागा किंवा पाळोळेच्या किनाऱ्यावरचे 'शॅक' तुम्हाला माहीत असतील. बांबू, लाकूड, झावळ्या यांचं छप्पर, वाळूत पाय ठेवून बसायचं, समोर समुद्र आणि ताटात तळलेले मासे. हे शॅकही तात्पुरतेच. राज्य सरकारच्या शॅक धोरणानुसार त्यांना हंगामापुरता परवाना मिळतो आणि पावसाळ्याआधी ते उतरवावे लागतात.

साहित्य कच्चं, बांधणी तात्पुरती, जागा सरकारी. तरीही गोव्यातला शॅक म्हटलं की सुट्टी आठवते आणि मुंबईच्या नाल्याकाठचा शॅक म्हटलं की अतिक्रमण.

दक्षिण आफ्रिकेत तर याच्याही पुढची गोष्ट घडली. ब्लूमफाँटेन शहराजवळच्या 'इमोया' नावाच्या आलिशान हॉटेलनं पाहुण्यांसाठी चक्क पत्र्याच्या खोल्यांचं 'शँटीटाउन' उभारलं. बाहेरून गंजके पत्रे, आतून गरम होणारी फरशी आणि वाय-फाय. २०१३ मध्ये ही जाहिरात जगभर पसरली आणि गरिबीची थट्टा केल्याबद्दल हॉटेलवर जोरदार टीका झाली.

पत्रा तोच असतो. त्याखाली कोण झोपतं आणि तिथून निघून जायची सोय त्याच्याकडे आहे का, यावर शब्दाचा भाव ठरतो.

घराचं नाव माणसाला चिकटतं तेव्हा

एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधून लाखो गरीब लोक अमेरिकेत गेले. त्यातले जे सुस्थितीत आले, त्यांना 'लेस कर्टन आयरिश' म्हटलं जाऊ लागलं, म्हणजे खिडकीला जाळीदार पडदे लावणारे. जे गरीबच राहिले ते 'शँटी आयरिश'. आता हा शब्द घराबद्दल राहिला नव्हता, ती माणसांना दिलेली शिवी झाली होती.

१९३० च्या दशकातल्या महामंदीत मात्र अमेरिकी जनतेनं शब्दाचा रोख उलटा फिरवला. नोकऱ्या आणि घरं गेलेल्या हजारो लोकांनी शहरांच्या कडेला खोकी, पत्रे, डांबरी कागद यांची घरं उभी केली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्येही अशी वस्ती होती. सिएटलची वस्ती तर १९३१ पासून दहा वर्षं टिकली. या वस्त्यांना लोकांनी नाव दिलं 'हूवरव्हिल'. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांच्यावरून. तिथे राहणाऱ्यांना नाव ठेवण्याऐवजी, त्यांच्यावर ही वेळ आणणाऱ्याचं नाव वस्तीला दिलं गेलं.

जगात अशा वस्त्यांना काय म्हणतात?

वेगवेगळ्या भाषांतली नावं पाहिली, तर प्रत्येक समाजाच्या नजरेत काय भरलं ते कळतं.

तुर्कस्तानात 'गेजेकोंदू', म्हणजे रात्रीत उभं राहिलेलं. फ्रेंचमध्ये 'बिदोंव्हिल', म्हणजे डब्यांचं गाव, कारण घरं तेलाच्या डब्यांचे पत्रे उलगडून बांधलेली. अर्जेंटिनात 'व्हिया मिसेरिया', सरळ सरळ हलाखीची वस्ती. ब्राझीलमधला 'फवेला' हा शब्द तर एका काटेरी झाडाचा. कानुदोसच्या युद्धातून १८९७ मध्ये परतलेले सैनिक रिओच्या एका टेकडीवर राहू लागले. ज्या भागात ते लढले होते तिथल्या फवेला झाडांवरून टेकडीला नाव पडलं आणि पुढे अशा सगळ्या वस्त्यांना.

पेरू देशात १९६८ नंतरच्या लष्करी सरकारनं जुनं हिणकस वाटणारं नाव सोडून 'पुएब्लोस होवेनेस' असं अधिकृत नाव स्वीकारलं. अर्थ: तरुण गावं. यात ही वस्ती वाढत जाणार आहे, पुढे गाव होणार आहे, हे गृहीत धरलेलं आहे.

आपल्याकडे कोलकात्यात 'बस्ती', दिल्लीत 'झुग्गी-झोपडी', चेन्नईत 'चेरी'. आणि मराठीत?

झोपडी वेगळी, झोपडपट्टी वेगळी

मराठीत 'झोपडी' या शब्दाला वाईट वास नाही. 'कधीतरी आमच्या गरिबाच्या झोपडीत या' असं आपण पाहुण्यांना विनयानं म्हणतो, मग घर तीन बेडरूमचं का असेना. छपरातून चांदणं आत येतं अशा घराला 'चंद्रमौळी' म्हणावं, इतकी ही भाषा हळुवार आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रसिद्ध भजनात तर झोपडीतलं समाधान राजमहालापेक्षा मोठं आहे.

शिवाय मराठीत प्रकारही बरेच. खोप, खोपटं, कुडाचं घर, भटक्या समाजांचं पाल, राहुटी. प्रत्येक शब्दामागे साहित्य आणि राहणीची पद्धत आहे.

पण झोपडीला 'पट्टी' लागली की सूर बदलतो. झोपडपट्टी हा शहरानं घडवलेला शब्द. जयवंत दळवींच्या 'चक्र' या कादंबरीनं आणि त्यावरच्या १९८१ च्या चित्रपटानं हे जग मध्यमवर्गासमोर आणलं. तरी बोलण्यात 'झोपडपट्टी छाप' ही शिवी आजही सर्रास ऐकू येते. कपड्यांवरून, भाषेवरून, मोठ्यानं हसण्यावरून. 'शँटी आयरिश'ची ही आपली आवृत्ती.

२००८ च्या 'स्लमडॉग मिलियनेअर' या चित्रपटाच्या नावावरून भारतात निदर्शनं झाली, तीही याच कारणानं. वस्तीचं नाव आणि 'डॉग' एकत्र आल्यावर तो शब्द घराबद्दल उरत नाही.

वस्तीतली घरं खरंच 'शँटी' असतात का?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे साडेसहा कोटी लोक झोपडपट्ट्यांमध्ये राहत होते. बृहन्मुंबईत हे प्रमाण लोकसंख्येच्या ४१ टक्क्यांच्या आसपास होतं. देशभरातल्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे ९० टक्के घरांत वीज होती आणि जवळपास ७० टक्के घरांत टीव्ही.

धारावीत किंवा गोवंडीत गेलात, तर विटांच्या भिंती, लाद्या, लोखंडी जिना आणि वर माळा असलेली घरं रांगेनं दिसतील. कुणीतरी आधी ताडपत्री लावली, मग पत्रा आणला, मग पगार वाढल्यावर एकेक भिंत पक्की केली. अशा घराला शँटी म्हणणं वर्णन म्हणूनसुद्धा चुकीचं आहे.

संयुक्त राष्ट्रांची 'यूएन-हॅबिटॅट' ही संस्था स्लम ठरवताना पाच गोष्टी पाहते: टिकाऊ घर, पुरेशी जागा, चांगलं पाणी, शौचालय आणि घरातून हुसकावलं न जाण्याची हमी. यातलं काही नसेल, तर ते कुटुंब स्लममध्ये राहतं असं धरलं जातं. शँटी हा शब्द या पाचांपैकी फक्त पहिल्या गोष्टीबद्दल बोलतो. विटांच्या घरात राहणाऱ्या पण सकाळी सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत उभ्या असणाऱ्या बाईची अडचण त्यात येतच नाही.

एका शब्दावर घर ठरतं, ते कसं?

आता मूळ प्रश्नाकडे. महाराष्ट्रात १९७१ पासून झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन आणि पुनर्विकासाचा स्वतंत्र कायदा आहे. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे 'एसआरए' आलं. या व्यवस्थेत 'झोपडीधारक' ही कायदेशीर ओळख आहे.

१ जानेवारी २००० पूर्वीपासून राहत असल्याचा पुरावा असेल, तर पुनर्विकासात मोफत घर मिळतं. त्यानंतरच्या पण १ जानेवारी २०११ पर्यंतच्या रहिवाशांसाठी सशुल्क घराची तरतूद आहे. पात्र लोकांची यादी 'परिशिष्ट-२' मध्ये असते. म्हणून पुनर्विकास सुरू झालेल्या वस्तीत लोक एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात, 'परिशिष्टात नाव आलं का?' जुनं वीजबिल, मतदार यादीतलं नाव, फोटोपास हे कागद ट्रंकेत जपून ठेवले जातात, ते यासाठी.

म्हणजे जो शब्द शिवी म्हणून वापरला जातो, त्याच शब्दाचा शिक्का कागदावर असला, तर पक्क्या घराचा हक्क मिळतो. आणि तो नसेल, तर तेवढीच जुनी शेजारची खोली नुसतं 'अतिक्रमण' ठरते.

शहरातल्या गरिबांच्या निवाऱ्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला निकाल १९८५ चा. १९८१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं मुंबईतल्या फुटपाथवरच्या आणि झोपड्यांतल्या लोकांना हटवायचं ठरवलं. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि रहिवासी न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठानं सांगितलं, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. झोपडी गेली की जवळचं कामही जातं, हे न्यायालयानं मान्य केलं. फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र दिला नाही. रीतसर प्रक्रिया करून हटवता येईल, पण पावसाळा संपेपर्यंत नाही, असं म्हटलं.

राहणारे लोक स्वतःला काय म्हणवतात?

इथे एक अनपेक्षित गोष्ट दिसते. अनेक रहिवासी संघटनांनी हे 'वाईट' शब्द टाळलेले नाहीत.

तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राजवळची जनता कॉलनी १९७६ मध्ये पाडली गेली आणि तिथल्या लोकांना चिता कॅम्पला हलवलं गेलं. ती वाचवण्यासाठी लढलेले जोकिन अर्पुथम यांनी उभारलेल्या संघटनेचं नाव 'नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन'. त्यांना २००० मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दक्षिण आफ्रिकेत डर्बनमध्ये २००५ साली सुरू झालेल्या चळवळीचं नाव 'अबाशलाली बासेम्जोंदोलो', झुलू भाषेत अर्थ 'शॅकमध्ये राहणारे'. सरकारी भाषेत तिथे 'अनौपचारिक वसाहत' असा गुळगुळीत शब्द असताना, लोकांनी रोखठोक शब्द निवडला.

स्वतःसाठी निवडलेला शब्द आणि दुसऱ्यानं लावलेला शब्द यांत हा फरक असतो.

मग 'शँटी' वापरायचा की नाही?

वापरायचा, पण जिथे तो खरा आहे तिथे. काही सोप्या कसोट्या:

* घर खरोखर पत्रा, ताडपत्री, फळ्यांचं आणि तात्पुरतं असेल, तर शँटी किंवा झोपडी बरोबर.
* विटांचं, माळ्याचं घर असेल, तर 'घर' किंवा 'खोली' लिहा. मुंबईत लोक स्वतःही 'आमची रूम' असंच म्हणतात.
* संपूर्ण भागाबद्दल बोलत असाल, तर 'वस्ती'. कायद्याचा, योजनेचा किंवा जनगणनेचा संदर्भ असेल, तेव्हा 'झोपडपट्टी'.
* माणसांसाठी विशेषण म्हणून यातला कुठलाच शब्द नको. 'झोपडपट्टीतली मुलं' ऐवजी वस्तीचं नाव घेता येतं.
* इंग्रजीतून भाषांतर करताना फोटो पाहा. मथळ्यात 'शँटीज' असलं, तरी फोटोत स्लॅब दिसू शकतो.

'पन्नास शँटी हटवल्या' हे वाक्य वाचताना डोळ्यांसमोर पत्रे येतात आणि साफसफाई झाल्यासारखं वाटतं. 'पन्नास घरं पाडली' असं वाचलं, की पुढचा प्रश्न आपोआप येतो: मग ती माणसं आज रात्री कुठे झोपली? बातमीत या प्रश्नाचं उत्तर असायला हवं.